डबेवाल्यांचा दाखला देताना निम्मी गोष्ट गाळू नका

मुंबईतल्या ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: डबेवाल्यांना सिक्स सिग्माचं, म्हणजे कामात चुका जवळजवळ होतच नाहीत अशा दर्जाचं, प्रमाणपत्र आहे, त्यांच्याकडे ना शिक्षण ना व्यवस्थापन, ते पैशासाठी नाही, अन्नदानाच्या पुण्यासाठी राबतात, सुट्टी म्हणून घेत नाहीत. तेव्हा मॅनेजरने आपल्या टीममध्ये अशीच निष्ठा जागवावी, काम आपोआप वाढेल.

डबेवाल्यांबद्दलचा आदर रास्तच आहे. पण हा मजकूर त्यांच्या यशाचं श्रेय चुकीच्या ठिकाणी देतो. तो प्रमाण मानून टीमसमोर भाषण करणारा मॅनेजर दमलेल्या माणसांवर आणखी एक ओझं टाकतो.

"सिक्स सिग्मा प्रमाणपत्र आहे"

नाही. 1998मध्ये 'फोर्ब्स'मध्ये डबेवाल्यांवर लेख आला, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पत्रकाराने संघटनेच्या प्रमुखांना विचारलं, चूक कितीदा होते? उत्तर मिळालं, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी. तेव्हा रोज सुमारे पावणेदोन लाख डबे जात-येत होते. त्यावरून पत्रकाराने गणित मांडलं. लाखो फेऱ्यांत एक चूक हा आकडा तिथून आला. प्रमाणपत्र कोणी दिलं नव्हतं, असं त्या पत्रकाराने स्वतःच पुढे स्पष्ट केलं.

तुमच्या टीमच्या चुकाही अशा अंदाजाने मोजू नका. एकच ठोस चूक निवडा, उदाहरणार्थ चुकीच्या रकमेचं बिल ग्राहकाकडे जाणं. चार आठवडे दोन आकडे लिहा: एकूण बिलं किती गेली आणि परत किती आली. त्या तक्त्यात माणसांची नावं घालू नका. नाव आलं की दुसऱ्याच आठवड्यात चुका परस्पर दुरुस्त होऊ लागतात, आकडा सुंदर दिसतो आणि मूळ कारण तसंच राहतं.

"व्यवस्थापन नाही"

मजकुरातली सगळ्यात घातक चूक हीच. डबेवाल्यांकडे व्यवस्थापन आहे, आणि ते बहुतेक ऑफिसांपेक्षा बारकाईने बांधलेलं आहे. साधारण 20 ते 25 जणांचा गट असतो, त्याला अनुभवी मुकादम असतो. मुकादम केबिनमध्ये बसत नाही. डब्यांची वर्गवारी, भांडणं मिटवणं, गिऱ्हाइकाची तक्रार, सगळं तो कामात राहूनच बघतो. कोणी आजारी पडला तर त्याची लाइन उचलायला गटात जादा माणसं ठेवलेली असतात.

डब्याच्या झाकणावरची खूण बघा. डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, तिथे कोणी उचलायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, आणि परत कुठल्या स्टेशनला जायचा, एवढं सगळं काही अक्षरं-आकडे आणि रंगांत मावतं. डबा वाटेत अनेक हातांतून जातो. पुढच्याला फोन करून विचारावं लागत नाही, कारण माहिती डब्यासोबतच प्रवास करते.

आता ऑफिसातली शिफ्ट बदलताना काय होतं ते आठवा. "ग्रुपवर टाकलंय, वर स्क्रोल कर." पुढचा माणूस अर्धा तास शोधतो, चुकीची फाईल उघडतो, आणि वैताग मात्र जाणाऱ्या सहकाऱ्यावर निघतो. टीममधल्या कुरबुरींचं मूळ पुष्कळदा स्वभावात नसतं, ते अशा अर्धवट हँडओव्हरमध्ये असतं. उपाय साधा आहे. प्रत्येक कामाच्या पहिल्या ओळीत चार गोष्टी हव्यात: काम कोणाकडे आहे, कधीपर्यंत, कुठे अडलंय, आणि पुढची एकच पायरी. जाणाऱ्याने लिहायचं, येणाऱ्याने त्याच्यासमोर वाचून दाखवायचं. यासाठी दोन शिफ्ट 10 मिनिटं एकमेकींवर याव्या लागतात, आणि ती 10 मिनिटं वेळापत्रकात पगारी म्हणून धरावी लागतात. ती धरली नाहीत तर पद्धत आठवड्याभरात मोडते. ज्याला कर्जत किंवा विरारची लोकल गाठायची आहे, तो फुकट थांबणार नाही, आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही करू नये.

जादा माणसांचंही तसंच. आठ जणांची टीम आणि आठ जणांचं पूर्ण काम, असा हिशेब मांडला की एकजण तापाने पडल्यावर सातजण कोलमडतात. रांगेच्या गणिताचं, म्हणजे काम हाती घेतलं जाण्याआधी किती थांबतं ते काढण्याचं, सर्वांत साधं सूत्र घेतलं तरी कामाचा भार 80 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर नेल्यास वाट पाहण्याचा काळ दुपटीहून जास्त होतो. म्हणून आठ जणांना साडेसहा जणांचं काम नेमा, आणि प्रत्येक महत्त्वाचं काम किमान दोघांना येईल असं बघा. वरिष्ठांना ही मोकळीक उधळपट्टी वाटते. त्यांना गेल्या तिमाहीत उशिरा गेलेल्या कामांची यादी दाखवा.

"पैशासाठी करत नाहीत"

डबेवाले बहुतांश पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातले, वारकरी परंपरेतले. श्रद्धा खरी आहे. पण गटाची कमाई खर्च वजा जाता सदस्यांत सारखी वाटली जाते, हेही तितकंच खरं आहे. गिऱ्हाईक तुटलं तर प्रत्येकाचा वाटा कमी होतो. श्रद्धेला इथे हिशेबाची जोड आहे. पगार उशिरा करून किंवा जादा तास फुकट घेऊन वर निष्ठेची भाषा बोलणारा मॅनेजर स्वतःचा शब्द हलका करून घेतो. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर सांगितला आहे. रात्री नऊला मागवलेला पिझ्झा ही त्याची भरपाई नव्हे.

"सुट्टी घेत नाहीत"

घेतात. रविवारी ऑफिसं बंद तर डबेही बंद. मार्च-एप्रिलच्या सुमारास गावच्या जत्रांसाठी सगळे एकदमच काही दिवस जातात आणि गिऱ्हाइकांना आधी कळवतात. 2011च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून त्यांनी एक दिवस काम थांबवलं होतं. रोजच्या कामालाही शेवट असतो: सकाळी डबे उचलायचे, जेवणाच्या वेळेआधी पोचवायचे, रिकामे डबे घरी परत, की दिवस संपला.

ऑफिसात नेमका हा शेवटच हरवलेला असतो. साडेसहाला सुरू होणारी मीटिंग कल्याणला राहणाऱ्याची रात्र खाते. सीएसएमटीपासून कल्याण 54 किलोमीटर, चर्चगेटपासून विरार 60. पाचनंतर नवी मीटिंग नको, असा नियम करा आणि तो मॅनेजरने स्वतः पाळावा. मुसळधार पावसाच्या दिवशी कोणी घरून काम करायचं, हे जूनच्या आधी लिहून ठेवा. सकाळी आठला, लोक प्लॅटफॉर्मवर उभे असताना ठरवू नका.

"निष्ठा जागवा"

हार्वर्डच्या संशोधक टेरेसा अमाबिले यांनी सात कंपन्यांतल्या 238 जणांच्या सुमारे 12 हजार दैनंदिन नोंदी तपासल्या. चांगल्या दिवसांमागे सर्वाधिक वेळा एकच गोष्ट दिसली: अर्थपूर्ण काम थोडं तरी पुढे सरकलेलं असणं. मात्र माणसांना कामाची प्रेरणा सर्वाधिक कशातून मिळते असं 669 मॅनेजरांना विचारलं, तर प्रगतीला पहिला क्रमांक फक्त 5 टक्क्यांनी दिला.

म्हणून महिन्याच्या भाषणाचा वेळ आठवड्याच्या भेटीला द्या. प्रत्येकाशी एकट्याने 20 मिनिटं. काय पुढे सरकलं, कुठे अडलं, त्यातलं मी काय हलवू शकतो, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यासमोर लिहून घ्या, एकच गोष्ट, तारखेसह. पुढच्या भेटीची सुरुवात त्या गोष्टीचं काय झालं हे तुम्ही सांगण्याने करा. झाली नसेल तरी सांगा, आणि का झाली नाही तेही.