नो वरीज म्हणे!

पोराने पंचवीस मिनिटं खपून केलेला ठोकळ्यांचा डायनासोर एका बापाने माझ्या डोळ्यांदेखत शेल्फवरून उचलला, त्याची शेपटी मोडली, त्यातल्या हिरव्या पट्ट्या काढून घेतल्या आणि उरलेलं धड परत शेल्फवर ठेवलं. आणि नीट ठेवलं हां, तोंड पुढे करून. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, नो वरीज. नो वरीज!! जीभ कशी झडली नाही माझी. मघापासून भांडी घासतेय आणि डोक्यात तेवढंच वाजतंय, एक तवा तर इतका घासलाय की त्याचं नॉनस्टिक जाऊन आता नुसतं स्टिक राहिलंय.

हाफ टर्म, म्हणजे इथे इंग्लंडात सत्राच्या मधली शाळेची सुट्टी. पाऊस. बाकी काय सांगायचं, तुमच्याकडेही तेच चालू असेल.

त्यात सासूबाई आल्यात वरोऱ्याहून, तीन आठवडे झाले आणि तीन आठवड्यात त्यांनी ऊन एकूण पावणेदोन तास बघितलंय. म्हणून म्हटलं चला, गावच्या म्युझियममध्ये ठोकळ्यांचे डायनासोर आलेत, पोरगं गेले दोन महिने त्याच्या पोस्टरसमोर बसस्टॉपवर हात जोडून उभं राहतंय. तर आधी ते पार्किंग. नाणी चालत नाहीत, कार्ड चालत नाही, ॲप उतरवा. माझ्याकडे ऑलरेडी पार्किंगची चार ॲप आहेत, हे पाचवं. नवरा पावसात उभा राहून गाडीचा नंबर, ईमेल, पासवर्ड, पासवर्डात एक मोठं अक्षर आणि एक चिन्ह, सगळं भरतोय आणि आत काच खाली करून सासूबाई विचारतायत, ‘काऊन रे, इथं एखादा माणूस नाही बसवत का पावती फाडाले?’ नाही ना आई. तोच तर रोना आहे.

मग तिकीट. फॅमिली तिकीट म्हणजे दोन मोठे, दोन लहान. आम्ही तीन मोठे, एक लहान. म्हणजे आम्ही फॅमिली नाही. आजी हा प्रकार या देशातल्या कुठल्याच तिकीट खिडकीला ठाऊक नाही, आजीला घरी कपाटात ठेवून यायचं आणि वाटेत दुसरं पोर पैदा करायचं, की झालात तुम्ही फॅमिली. प्राणीसंग्रहालय तेच, किल्ला तेच, स्विमिंग पूल तेच. वरून काउंटरवरचा मुलगा गोड हसून विचारतो, डोनेशनसकट देऊ की डोनेशनशिवाय? मागे चौदा माणसांची रांग, काय म्हणणार माणूस. नवरा म्हणाला सकट. घरी लाइट चालू राहिला की याच माणसाचा जीव जातो.

बरं, आत गेलो. खोटं कशाला बोलू, मॉडेल्स झकास होती. ट्रायसेराटॉप्सच्या अगदी जवळ जाऊन बघितलं तर त्याच्या पापण्या म्हणजे खेळण्यातल्या मोटारीचे मडगार्ड होते, उलटे लावलेले. पायाची नखं म्हणजे पांढरी शिंगं. सगळा चौकोनी माल आणि तरी त्या मानेला बाक कसा आणला असेल, मी बराच वेळ बघत होते. दोरीच्या इकडून. कारण दर दोन फुटांवर पाटी, हात लावू नका. ठोकळ्यांच्या प्रदर्शनात! सहा वर्षांच्या पोरांना! हलवायाच्या दुकानात नेऊन तोंडाला पट्टी बांधल्यासारखं. आणि प्रत्येक पाटीखाली पिवळ्या गोलात ‘फन फॅक्ट!’. मला या शब्दाचाच राग आहे. फॅक्ट लिहा, फन आहे का नाही ते आम्ही ठरवू.

त्यात आमचं पोरगं म्हणजे चालतंबोलतं शुद्धिपत्रक. वर तारेला लांब मानेचा, वल्ह्यासारखे पाय असलेला, समुद्रात पोहणारा प्लेसिओसॉर टांगलेला आणि पाटीवर डायनासोर. झालं. ‘आई, हा डायनासोर नाहीये!’ हॉलभर. हळू बोल म्हटलं तर अजून मोठ्याने. पण चूक काय त्याची? ज्या देशात मेरी ॲनिंगने १८२३ मध्ये लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर अख्खा प्लेसिओसॉर उकरून काढला, ज्या देशात रिचर्ड ओवेनने १८४२ साली डायनासोर हा शब्द तयार केला, तिथे निदान पाटी तरी धड लावा की. पुढे टी रेक्स आणि स्टेगोसॉरसची मारामारी, हिरव्यागार गवतावर. त्या दोघांच्यात आठ कोटी वर्षं! टी रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा, कालगणनेने तो आपलाच चुलत शेजारी. आणि स्टेगोसॉरसच्या वेळी गवत नव्हतंच मुळी, हेही चिरंजीवांनी शेजारच्या एका अनोळखी आजोबांना ऐकवलं, ते बिचारे ‘इज दॅट सो’ म्हणत मागे सरकले.

गवतावरून सासूबाई एकदम खुलल्या. कारण गवताचा विषय म्हणजे त्यांच्या माहेरचा विषय. वरोऱ्याजवळ पिजदुरा आहे ना, तिथे शेतात डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले सापडतात, आणि २००५ मध्ये त्याच शेणात गवताचे अंश मिळाले तेव्हा शास्त्रज्ञांना कळलं की शेवटच्या शेवटच्या डायनासोरांना तरी गवत खायला मिळत होतं. हे मी वाचून सांगतेय, त्या आपल्या एवढंच म्हणाल्या की ‘आमच्याकडं तं असे गोटे पायाखाली येत.’ नातू आजीकडे असा बघायला लागला की मी सहा वर्षांत एकदाही त्या नजरेला पात्र झालेले नाही. तिथलाच डोंगरगावचा आयसिसॉरस, नर्मदेकाठचा राजासॉरस, २००३ मध्ये नाव मिळालेला, डोक्यावर बुटकं गोल शिंग, यातला एक तरी असेल म्हणून आम्ही तिन्ही खोल्या पालथ्या घातल्या. नाही. एकही नाही. टी रेक्स मात्र तीन.

तर म्हणून पोराने ठरवलं, बिल्डिंग टेबलवर राजासॉरस करायचा. आणि शेल्फवर ठेवायचा, तिथे पाटीच होती, तुमचा डायनासोर इथे प्रदर्शनात ठेवा.

आता त्या टेबलाबद्दल. टेबल गुडघ्याएवढं, स्टुलं वीतभर, आणि त्या स्टुलांवर कोण बसलंय? बाप. सगळे बाप. गुडघे कानाला लागलेत, जीभ बाहेर, आणि त्यांची पोरं मागे भिंतीला टेकून मोबाइल बघतायत. कुणाच्या मांडीवर सगळे हिरवे, कुणी सगळ्या बिजागऱ्या मुठीत दाबून बसलेला. मधल्या ट्रेमध्ये उरलंय काय तर पिवळ्या खिडक्या आणि अर्धं नारळाचं झाड. माझा नवरा अशा वेळी उपयोगी पडावा की नाही? तो मला सांगतोय की दोन बाय चारचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. हे तो मला लग्नाआधीपासून सांगतोय. अरे राजा, आधी सहा ठोकळे मिळवून दाखव, मग जोडू.

पण पोराने जमवलं. मी खालून, टेबलाखालून, रेडिएटरच्या मागून वेचून देत होते, आजी पण कुठून कुठून आणून देत होत्या. पाय आखूड झाले, एक डोळा निळा एक पांढरा, पण डोक्यावर मधोमध नारिंगी गोल ठोकळा बसवला आणि खरं सांगते, राजासॉरस झाला तो. हिरवी लांब शेपटी. त्याने तो दोन्ही हातांनी, आरतीचं ताट नेतात तसा शेल्फपर्यंत नेला.

आणि चार मिनिटांत तो बाप आला. अंगात रेनकोट, खांद्यावर पोराची बॅग, दिसायला सज्जन. हे सज्जनच सगळ्यात वाईट. मी म्हटलं एक्स्क्यूज मी, हा माझ्या मुलाने केलाय. तो म्हणाला सॉरी. मग म्हणाला सो सॉरी. एकूण सहा सॉरी मी मोजले आणि सहाही सॉरींच्या दरम्यान त्याची बोटं शेपटी सोलत होती! शेवटच्या सॉरीला त्याने पट्ट्या खिशात, हो खिशात, घातल्या आणि मी तोंडभर हसून म्हणाले नो वरीज. तिथली गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरगी होती, तिला जाऊन सांगितलं तर ती डोकं तिरकं करून म्हणे ठोकळे सगळ्यांसाठीच आहेत ना. अगं मग शेल्फ कशाला ठेवलंयस बाई?

पोरगं रडलं नाही. रडलं असतं तर परवडलं असतं. ‘शेपटी नसेल तर तो पडेल ना’ एवढंच म्हणालं.

मला भांडता येत नाही असं नाही हो. नाशिकला रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी मी शालिमार ते सीबीएस भांडत आलेय. पण इंग्रजीत भांडायला गेलं की माझ्या तोंडातून थँक यूच निघतं. गेल्या वर्षी एक बाई ट्रॉली घेऊन माझ्या पायावरून गेली तर मीच सॉरी म्हणाले. मागच्या महिन्यात बर्थडे पार्टीत कुणाच्या तरी आईने आमच्या पोराची पार्टी बॅग दुसऱ्याला दिली तेव्हा पण तेच, नो वरीज, नो वरीज. ती बॅग अजून डोक्यात आहे माझ्या. त्यात एक भोवरा होता.

मग गिफ्ट शॉप, कारण दुसरा रस्ताच नाही बाहेर पडायला. एक बोटभर स्टेगोसॉरस घेतला, किंमत सांगत नाही, सासूबाई रुपयांत करतात लगेच.

आणि गाडीत बसलो, मी सुरूच. तो बाप असा, तो बाप तसा, काही रीतभात आहे की नाही, लहान पोराने केलेली वस्तू मोडवते तरी कशी माणसाला, हे संस्कार? दहा मिनिटं. नवरा वायपरकडे बघत गप्प. मग मागून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘मी तं आपल्याले जे लागलं ते त्या फळीवरूनच काढून आणलं.’

म्हणजे?

म्हणजे हिरव्या पट्ट्या एका लांब मानेच्या डायनासोरची मान होती. निळा डोळा कुणाच्या तरी दुसऱ्याचा. ‘तिथं ठेवलेच होते नं भरपूर, कुणी घेत नव्हतं.’ आणि मला एकदम आठवलं की त्या रेनकोटवाल्याच्या मागे एक चिमुरडी उभी होती, गालावर सुकलेले ओघळ, आणि पट्ट्या मिळाल्यावर तो आधी तिच्याकडे वळला होता.

नवऱ्याचे खांदे हलत होते. हसत होता मेला.

पुढचा अर्धा तास मी काही बोलले नाही. एकदाच तोंड उघडलं ते पार्किंगसाठी, कारण आम्ही अकरा मिनिटं जास्त थांबलो होतो आणि त्या ॲपने वेळ वाढवू का म्हणून विचारलं ते कधी, तर आम्ही घराच्या वळणावर आल्यावर. दंडाचं पत्र येईल आता. त्या अकरा मिनिटांवरून मी कुणाशी तरी भांडणार आहे हे नक्की, इंग्रजीत, लेखी, डिक्शनरी उघडी ठेवून.

तरी पण त्याने खिशात घालायला नको होत्या. हातात घ्यायच्या. खिशात काय?

घरी आल्यावर सासूबाईंच्या पर्समधून वेलदोडे, क्रोसिन आणि पाच रुपयांच्या नाण्यासोबत तो नारिंगी गोल ठोकळा निघाला. राजासॉरसचं शिंग. निघताना ‘मोडकं तं झालंच होतं’ म्हणून काढून घेतलेलं. तो परत द्यायला हवा असं पोराचं म्हणणं पडलं, आणि परत देताना शेपटी पण नवीन करता येईल, लाल चालेल. शनिवारी साडेदहाचा स्लॉट होता, आत्ताच घेतलाय. फॅमिली तिकीट नाही मिळालं.