'कॅनडा' नावाचा मतदारसंघ

कॅनडाच्या ईशान्य टोकाला, लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर, इनुइट लोकांचे नुनात्सियावुत हे स्वशासित क्षेत्र आहे. त्याच्या विधानसभेत नेन, होपडेल, माकोविक, पोस्टविल आणि रिगोलेट या पाच गावांचे आणि शेजारच्या अप्पर लेक मेलव्हिल भागाचे प्रतिनिधी बसतात. त्यांच्याच रांगेत 'कॅनडा' नावाच्या मतदारसंघाचेही दोन सदस्य असतात. हे नाव प्रथम वाचले तेव्हा मला छपाईतील चूक वाटली होती. प्रत्यक्षात या भागांच्या बाहेर, सेंट जॉन्सपासून व्हँकुव्हरपर्यंत देशात कुठेही राहणाऱ्या, नुनात्सियावुतचे सभासद म्हणून नोंद असलेल्या इनुइटांचा तो मतदारसंघ आहे. सभासदत्व वंशावरून ठरते, पत्त्यावरून नव्हे, त्यामुळे गाव सुटले तरी मत सुटत नाही.

ही तरतूद मला न्याय्य वाटते, कारण गाव सोडणे हा येथे नेहमीच खुशीचा मामला नव्हता. 1959 साली ईस्टरच्या सुमारास याच किनाऱ्यावरील हेब्रॉन या इनुइट वस्तीतल्या रहिवाशांना ती बंद होणार असल्याचे सांगण्यात आले, आणि तेही चर्चमध्ये, जिथे उठून वाद घालणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. त्याआधी 1956 मध्ये नुटाक ही दुसरी वस्ती रिकामी झाली होती. सरकारची माफी यायला 2005 साल उजाडले. इनुइटांच्या जमिनीच्या हक्कांचा सरकारशी झालेला करार अमलात आला तोही त्याच वर्षी. आज माणसे शिक्षणासाठी, उपचारांसाठी, नोकरीसाठी बाहेर पडतात. पाचही गावांना बाहेरून रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, एरवी लहान विमान किंवा बर्फावरची स्नोमोबाइल. त्यामुळे घरी जायचे की नाही, हे बहुधा तिकिटाचे भाडे ठरवते.

आक्षेप मात्र खोटा नाही. जो तिथे राहत नाही, त्याने तिथल्या जमिनीविषयी का ठरवावे? 2008 मध्ये याच विधानसभेने इनुइटांच्या मालकीच्या जमिनीवर युरेनियमच्या खाणकामाला तीन वर्षांची स्थगिती दिली, ती 8 विरुद्ध 7 मतांनी. एका मताने असा निर्णय होऊ शकतो, तेव्हा बाहेरच्यांच्या दोन जागा शोभेच्या म्हणता येणार नाहीत. खाणीची धूळ मात्र ओटावात उडत नाही.

येथे मला कोकण आठवते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की चाकरमान्यांसाठी मुंबईहून गाड्या ठरतात, सकाळी बोटाला शाई लागते आणि रात्री त्याच गाड्या परत निघतात. नाव गावच्या यादीत, बिऱ्हाड डोंबिवलीला. देवळाच्या सभामंडपाला रंग कोणता द्यायचा, हेही वर्गणी देणारे मुंबईकर मंडळच ठरवते, ही गावातल्यांची तक्रार तर कायमचीच. आपल्याकडे बाहेरच्याला गावकरी असल्याचे सोंग वठवावे लागते. नुनात्सियावुतने त्याला 'तू बाहेरचा आहेस, म्हणूनच ही जागा तुझी' असे सांगून त्या सोंगाची गरजच संपवली आहे.

म्हणूनच या जागेसाठी उभ्या राहणाऱ्याने ते सोंग पुन्हा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच गावांतील घरटंचाई मी सोडवीन, असे सेंट जॉन्समध्ये बसून सांगणारा उमेदवार मला पटणार नाही. परक्या शहरात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याचे काय, उपचारांसाठी आलेल्या वृद्धेशी इनुट्टिटुट या तिच्या इनुइट भाषेत कोण बोलणार, शहरात जन्मलेल्या मुलांच्या कानावर ही भाषा कशी पडणार, हे त्याचे प्रश्न आहेत, आणि ते त्याच्याइतके गावातल्या सदस्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. जमिनीचा विषय आला तर त्याने तटस्थ राहू नये, कारण ती जमीन सर्व सभासदांची आहे. पण आधी किनाऱ्यावरच्यांचे ऐकावे आणि आपण कसे व का मत दिले, हे नंतर लेखी कळवावे.

प्रचाराचीही गंमतच आहे. दारोदार फिरावे म्हटले तर दारे देशभर विखुरलेली. ऑनलाइन सभा घ्यावी, तर सेंट जॉन्समध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा व्हँकुव्हरला दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि तिथला मतदार कामावर असतो.

मी अर्थातच तिथला मतदार नाही. असतो, तर उमेदवाराला एकच विचारले असते : होपडेलला भरणारे विधानसभेचे अधिवेशन आटोपल्यावर पहिल्याच विमानाने परतणार, की चार दिवस गावात राहणार?