प्रकाशाहून जलद प्रवासासाठी इंधनाचे अंदाजपत्रक

प्रकाशाहून अधिक वेगाने प्रवास करण्याचे आपण मनावर घेतलेच असेल, तर इंधनाचे अंदाजपत्रक आधी तयार करावे. यान कसे बनवायचे ही किरकोळ बाब मंजुरीनंतरही पाहता येते.

हात बसावा म्हणून सुरुवात प्रकाशाच्या ९९ टक्के वेगापासून करावी. एक टनाच्या यानाला तेवढा वेग द्यायला सुमारे ५.५ × १०²⁰ जूल ऊर्जा लागते, म्हणजे सारे जग वर्षभरात वापरते जवळजवळ तितकी. सगळ्या इंधनाचा प्रकाश करणारे आदर्श इंजिन आपल्याकडे आहे असे गृहीत धरले (गृहीत धरायला पैसे पडत नाहीत), तर निघताना इंधनासह वजन १४ टन भरते. ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्सिमा सेंटॉरीजवळ थांबायचेही असेल, तर १९९ टन. आणि परत येऊन उतरायचे असेल, तर ३९,६०१ टन, कारण वाटेत पंप नाही. परतीचा प्रवास शक्यतो गाळावा. तक्रार करायला कोणी परत येत नाही.

आता ज्या सापेक्षतेच्या सूत्राने ही ऊर्जा काढली, त्यातच प्रकाशाच्या दुप्पट वेग घालावा. वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि ऊर्जेचे उत्तर काल्पनिक निघते. अशा वेळी डगमगू नये, सूत्र बदलावे. भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएर यांनी १९९४ साली यानापुढचे अवकाश आकसवण्याची आणि मागचे फुगवण्याची युक्ती मांडली. तिला फक्त ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते. १९९७ साली फेनिंग आणि फोर्ड यांनी यानाभोवतीच्या अशा अवकाशाच्या शंभर मीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा हिशेब केला, तेव्हा ती ऊर्जा, वस्तुमानात मोजली तर, दृश्य विश्वाच्या वस्तुमानाच्या सुमारे हजार कोटी पट भरली. १९९९ साली व्हान डेन ब्रूक यांनी बुडबुडा बाहेरून सूक्ष्म आणि आतून ऐसपैस करून मागणी काही सूर्यांवर आणली, आणि पुढे नासाच्या हॅरॉल्ड व्हाइट यांनी ती सातशे किलोंच्या घरात बसवली. यान अद्याप एक इंचही हललेले नसताना खर्चात एवढी कपात कोणत्याही खात्याने केलेली नाही.

उरला पुरवठा. दोन धातूचे पत्रे एक मायक्रोमीटर अंतरावर समोरासमोर धरले, की कॅसिमिर परिणामामुळे मधल्या फटीत थोडी ऋण ऊर्जा मिळते. सातशे किलोंसाठी पत्र्यांचे क्षेत्रफळ सुमारे तीन कोटी कोटी पृथ्वींच्या पृष्ठभागाइतके धरावे. पत्र्यांचे स्वतःचे वजन मात्र धन असते आणि सारी ऋण ऊर्जा गिळून वर उरते; ते ‘संकीर्ण’ या सदरात दाखवावे.