'मात्रा'चे पाच अर्थ आणि मराठीवरचा आरोप

एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: मराठीत 'मात्रा' म्हणजे औषध, डोसही मात्राच, तबल्याचीही मात्राच, कवितेचीही आणि अक्षरावरचीही. भाषेकडे शब्दच अपुरे, म्हणून एकालाच पाच ठिकाणी राबवायचं. इंग्रजीत मात्र प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द, आणि विज्ञानाला तेच लागतं. सबब मराठीतून विज्ञान शिकवणं व्यर्थ.

आधी 'मात्रा'च घेऊ. मुळात अर्थ एकच, माप. उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप छंदात आलं: लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. तेच काळाचं माप तालात गेलं, म्हणून झपताल दहा मात्रांचा आणि तीनताल सोळा. औषध किती द्यायचं त्याचं माप म्हणजेही मात्रा, आणि पुढे मापून द्यायचं औषधच मात्रा झालं. हेमगर्भाची मात्रा म्हणजे वैद्याचा शेवटचा उपाय. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' हे आपण म्हणतो ते या औषधावरूनच.

उरली अक्षरावरची रेघ. इथे तर मराठी हिंदीपेक्षा काटेकोर आहे. हिंदीत सगळ्याच स्वरचिन्हांना मात्रा म्हणतात. आपण काना, वेलांटी, उकार वेगळे काढतो आणि डोक्यावरच्या तिरप्या रेघेलाच मात्रा म्हणतो. (मोठ्या 'मात्रेत' पाऊस पडतो तोही हिंदीतून आलेला, मराठीत तो मोठ्या प्रमाणात पडतो.)

गोंधळ होऊ शकेल अशी एक जागा मलाही दिसते, ती मजकुरात नाही. 'के' या अक्षरावर लिहिताना एक मात्रा, पण वृत्तात ते गुरू, म्हणजे दोन मात्रा. नवशिका इथे अडखळतो खरा. पण लिपीचा तास चालू आहे की छंदाचा, एवढं कळलं की अडचण मिटते.

आता इंग्रजीतल्या 'स्वतंत्र शब्दां'कडे. १६६५ साली रॉबर्ट हूकने 'मायक्रोग्राफिया'त बुचाच्या पातळ कापातले कप्पे दाखवले, तेव्हा त्याने नवा शब्द घडवला नाही; लहान खोलीसाठी वापरात असलेला 'सेल' उचलला. आज तोच शब्द तुरुंगात आहे, जीवशास्त्रात आहे, बॅटरीत आहे आणि संगणकावरच्या तक्त्यातही. मराठीत कोठडी वेगळी, पेशी वेगळी, विद्युतघट वेगळा. 'पॉवर'चंही तेच. बीजगणितात आपण घात म्हणतो, वॅटमध्ये मोजतो ती शक्ती, आणि मंत्र्यांच्या हातात असते ती सत्ता. इंग्रजी तिन्हीकडे एकच शब्द वापरते आणि तिचं काही अडत नाही.

'विज्ञानाला एका शब्दाचा एकच अर्थ लागतो' हे अर्धंच खरं आहे. तो एकाच शाखेत एक असावा लागतो, शब्दकोशभर नव्हे. रसायनशास्त्रातला 'मोल' पाहा. मराठीत मोल म्हणजे किंमत. इंग्रजीत तसाच लिहिला जाणारा शब्द अंगावरच्या तिळाला, बीळ उकरणाऱ्या एका प्राण्याला आणि शत्रूच्या गोटात पेरलेल्या हेरालाही आहे. तरी प्रयोगशाळेत कुणी गोंधळत नाही, कारण एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण, अशी व्याख्या २० मे २०१९ पासून लागू आहे. चिन्हांचंही असंच: 'के' या रोमन अक्षराने पोटॅशियमही दाखवतात आणि केल्विनही.

मजकूरकर्त्याला मराठीत खरी खोट काढायचीच होती, तर 'अंश' घ्यायला हवा होता. तीन-चतुर्थांशाचा अंश ३ आणि काटकोनाचे अंश ९०, दोन्ही एकाच विषयात, एकाच वर्गात. 'वजन'ही तसंच: बाजारात ते किलोग्रॅममध्ये, भौतिकशास्त्रात न्यूटनमध्ये, आणि किलोग्रॅममध्ये मोजतो ते खरं तर वस्तुमान. विद्यार्थ्याचे गुण जातात ते इथे. अर्थात वजनाचा हा घोळ इंग्रजी बोलणाऱ्याच्या रोजच्या भाषेतही जसाच्या तसा आहे.