सगळा दोष नॅव्हिगेटरवर नको

‘लेडी बी गुड’ हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बफेकी विमान नवख्या नॅव्हिगेटरच्या चुकीमुळे गेलं, हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. ४ एप्रिल १९४३ च्या रात्री नेपल्सच्या मोहिमेवरून लिबियातल्या तळाकडे परतताना वैमानिकाने रेडिओवरून दिशा विचारली होती. तळावरच्या एकट्या लूप अँटेनाला (रेडिओ संदेश कोणत्या रेषेत येतोय हे दाखवणाऱ्या गोल अँटेनाला) विमान समोरून येतंय की पुढे निघून गेलंय, हे ओळखताच येत नाही. त्यात सगळ्यांची ती पहिलीच लढाऊ मोहीम!

आणि विमान तळ ओलांडून वाळवंटावर गेल्यावर पॅराशूटने उतरलेल्यांच्या चालण्याबद्दल जेमतेम एक ओळ? सहवैमानिक टोनरच्या डायरीत १२ एप्रिलपर्यंत नोंदी आहेत. आठ जणांत अर्धी बाटली पाणी, रोज एकेक झाकण. पंधरा मिनिटं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. ते उत्तरेला चालत राहिले, विमान मात्र दक्षिणेला वाळूत पडलं होतं, आत पिण्याचं पाणी तसंच. हे वाचून मला दोन रात्री झोप लागली नव्हती.