रडला तोच खरा नट?

स्पर्धेचा हंगाम जवळ आला की सांगलीतल्या आमच्या नाटकवाल्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो मला चौघांकडून आला. सार असं: शोकांतिकेच्या ऐन प्रसंगात नटाच्या डोळ्यांत खरं पाणी आलंच पाहिजे, येत नसेल तर स्वतःचं दुःख आठवा, बालगंधर्वांनी हेच केलं, ग्रीक नटांनी हेच केलं, भरतमुनीही हेच सांगतात, आणि फार तालमी करू नका, भावना मरते. खाली हात जोडलेले. हौशी नाटकं बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी बालगंधर्व. मुलगी गेलेली असताना ते रंगमंचावर उभे राहिले, हे खरंच. पण 12 मार्च 1911 चा तो प्रयोग होता 'संगीत मानापमान'चा, आणि तोही पहिला. भूमिका भामिनीची. श्रीमंतीच्या तोऱ्यातली, नायक धैर्यधराचा अपमान करणारी आणि शेवटी त्याच्याच प्रेमात पडणारी ही पोरगी. तिच्यात लेकीचं दुःख ओतायचं तरी कुठे? दुःख विंगेत ठेवता आलं म्हणून त्या रात्री नाटक झालं. मजकुराला हवं त्याच्या बरोबर उलट. (नाटक आपल्या सांगलीच्याच खाडिलकरांचं. निदान इथल्या लोकांनी तरी फॉरवर्ड करण्याआधी आठवायला हवं होतं.)

ग्रीक नट म्हणजे पोलस. सोफोक्लीसच्या नाटकात इलेक्ट्रा भावाच्या अस्थींचा कलश हातात घेऊन आक्रोश करते. पोलसने त्या प्रसंगासाठी स्वतःच्या मुलाच्या अस्थींचा कलश आणला, अशी कथा आहे. ती लिहून ठेवली काही शतकांनंतरच्या एका रोमन लेखकाने. पण कथा खरी धरू. मजकूर लिहिणाऱ्याने नाटक वाचलंय का, हा माझा प्रश्न. त्या कलशात भावाच्या अस्थी नाहीतच! भाऊ ओरेस्टिस जिवंत आहे, तिच्यासमोर उभा आहे, त्यानेच तो कलश तिच्या हाती दिलाय. हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, तिला नाही. काळीज पिळवटतं ते त्यामुळे. कलशात राख कुणाची होती, हे पोलसने सांगितल्याशिवाय मागच्या पायरीवरच्या माणसाला कळणार कसं?

भरतमुनींचं थोडक्यात. त्यांच्या नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव, म्हणजे मनातून उठून अंगावर उमटणारे भाव, आठ, त्यांतला अश्रू हा एक. स्तंभ (जागीच थिजणं), स्वरभेद (आवाज बदलणं), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उतरणं) यांनाही तेवढाच मान आहे. या भावांमागचं सत्त्व निपजतं ते मनाच्या समाधीतून, असं नाट्यशास्त्र म्हणतं. समाधी म्हणजे एकाग्रता, वाहवत जाणं नव्हे. भाव मनातून आला पाहिजे एवढं मात्र मजकुराचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही.

आता मुख्य गोष्ट, डोळ्यांतलं पाणी. मागे आम्ही 'एकच प्याला'चा शेवटचा अंक बसवत होतो. सिंधू करणारी मुलगी गुणी, आणि ती खरोखर रडायची. पहिल्या तालमीला आम्ही सगळे हेलावलो. मग मी हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. तिथून ऐकू येत होतं फक्त नाक ओढणं. घसा दाटलेला, श्वास तुटलेला, वाक्यांचे शेवट गिळलेले. गडकऱ्यांची भाषा, आणि अर्धी पोटात!

शिवाय त्या प्रसंगात सिंधूला रडायचंय असं मुळात लिहिलेलंच नाही. दारुड्या नवऱ्याच्याच माराने ती मरणाच्या दारात आहे, आणि त्याला वाचवण्यासाठी खोटं बोलतेय. तिचं काम लपवण्याचं. म्हणून मी मुलीला म्हटलं, "बाई गं, तू रडू नकोस. समोरच्याला तुझी जखम दिसता कामा नये, एवढंच बघ." तिने पदर कपाळावर ओढून घेतला आणि एका हाताने घट्ट धरला. वाक्य सरळ, जवळजवळ घरगुती आवाजात म्हणायला लागली. मधेच हाताची पकड सैल झाली, पदर दोन बोटं मागे सरकला, तिने घाईने परत ओढला. संवाद न थांबवता. प्रॉम्प्टरने वहीतून मान वर केली आणि पुढचं वाक्य द्यायचं विसरला.

ग्लिसरीनची वकिली मी करत नाही. पण बाराव्या रांगेतून डोळ्यातलं पाणी दिसतच नाही, हात दिसतो.

स्वतःचं दुःख आठवण्याबद्दल एकच सांगतो. आमच्यातल्या एकाने वडिलांचं मरण आठवून एक प्रयोग गाजवला. दुसऱ्या प्रयोगाला आठवण आली ती वडिलांच्या पेन्शनच्या कागदांची. तिसऱ्याला काहीच येईना, तेव्हा तो नुसता ओरडला.

आणि तालमीने भावना मरते? ते पदराचं सरकणं पहिल्यांदा चुकून झालं होतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम केलं तर खोटं वाटलं, तिसऱ्या दिवशी फारच खोटं. वाक्यातल्या नेमक्या कोणत्या शब्दावर पकड सुटायची, ते सापडायला अकरा तालमी लागल्या.