डिस्प्युट आला की थेट 'रिफंडेड'? एका कमेंटला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण तेव्हाच उत्तर टाइप केलं असतं तर शब्द वेगळे गेले असते म्हणून थांबलो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) पेमेंटचा डिस्प्युट आला, म्हणजे गिऱ्हाइकाने बँकेकडे त्या पेमेंटची तक्रार केली, की ऑर्डर ऑन-होल्डला (थांबवून) टाका, आधीचं स्टेटस मेटामध्ये, म्हणजे ऑर्डरसोबतच्या जादा नोंदीत, जपून ठेवा आणि निकाल लागेपर्यंत ते हलवू नका. त्यावर तुम्ही म्हणता, "जळगावच्या चार वेफर्सवाल्यांसाठी एवढं पांडित्य कशाला, रिफंडेड करा आणि विषय संपवा." शिवाय तुम्ही विचारता, वेबहुक (पेमेंट कंपनी साइटला आपोआप पाठवते तो निरोप) दोनदा येतो त्याचं काय, आणि लेखातला तक्ता मोबाइलवर कापला जातो. तक्त्याचं खरंय, बदललाय.

पण "चार वेफर्सवाले" म्हणजे काय हो? सावदा-फैजपूरकडचा माणूस केळीचे वेफर्स तळतो, पॅक करतो, पुण्या-मुंबईला कुरियर करतो, आणि एक चार्जबॅक (बँकेने पेमेंट परत ओढणं) हरला की माल गेला, कुरियरचे पैसे गेले, पेमेंटही गेलं. मोठ्या ब्रँडकडे हे बघायला वेगळी टीम असते, याच्याकडे तो स्वतः आणि त्याचा मोबाइल. सांभाळून काम करायची गरज खरं तर त्यालाच जास्त आहे, आणि तुम्ही नेमकं त्याच्याच बाबतीत म्हणता की चालतंय.

भुसावळ, यावल, चोपडा इकडच्या दुकानदारांच्या साइट्स मी कितीतरी वर्षं सांभाळतोय, रात्री फोन येतो तो मलाच. एकाची साइट दुसऱ्या कोणीतरी केलेली, आणि त्यात तुम्ही सांगता तसंच होतं, डिस्प्युट आला की रिफंडेड. दुकानदाराने ते बघितलं, त्याला वाटलं पैसे परत गेले, संपलं. तिकडे डिस्प्युट ओपनच होता, पुरावा द्यायची मुदत चालू होती, गिऱ्हाइकाच्या सहीची डिलिव्हरी पावती त्याच्या गल्ल्यात पडून होती. मुदत गेली, लॉस्ट, म्हणजे हरल्याचा निकाल आला. त्या माणसाला मी काय सांगायचं होतं, की बाबा कोड सोपा होता?

आणि रिफंडेड म्हणजे पैसे परत गेले असंही नाही. वूकॉमर्समध्ये ऑर्डरचं स्टेटस हाताने रिफंडेड केलं की फक्त नोंद होते, पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीकडून, एक रुपया हलत नाही, तशी नोट वूकॉमर्स स्वतःच ऑर्डरवर टाकतं. हिशोबात मात्र विक्री कमी दिसायला लागते. त्यात घाबरून कोणी गेटवेच्या डॅशबोर्डवरून खराखुरा रिफंडही केला तर एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा जायची भीती. रेझरपे या गेटवेमध्ये डिस्प्युटचं स्टेटस ओपन, अंडर रिव्ह्यू, वॉन (जिंकला), लॉस्ट किंवा क्लोज्ड असतं आणि फेज, म्हणजे टप्पा, वेगळी असते, रिट्रीव्हल (बँकेने नुसती माहिती मागणं), चार्जबॅक, प्री-आर्बिट्रेशन (निकालानंतर पुन्हा उभा केलेला वाद) वगैरे, म्हणजे एकदा जिंकलेलं प्रकरण पुढच्या फेजमध्ये परत उभं राहू शकतं. स्ट्राइप या दुसऱ्या गेटवेमध्ये तर 'वॉर्निंग'ने सुरू होणारी स्टेटस नुसती चौकशी असते, तेव्हा पैसे कापलेलेच नसतात. हे सगळं एका रिफंडेडमध्ये कोंबायचं आणि वर मला पांडित्य म्हणायचं, हे मला पटत नाही, आणि ज्या सुरात म्हटलंत ते तर अजिबातच नाही. प्रश्न विचारा, शंभर विचारा, पण ज्यांच्या जिवावर आपली कामं चालतात त्यांना चार वेफर्सवाले म्हणू नका.

वेबहुकचं म्हणाल तर त्याच्यासोबत येणारा इव्हेंट आयडी (त्या निरोपाचा नंबर) सेव्ह करा, परत आला तर सोडून द्या, आणि क्रमावर भरवसा ठेवू नका, स्टेटस एपीआयला, म्हणजे थेट गेटवेच्या सर्व्हरला विचारून घ्या. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

आता मला एवढं सांगा, ऑर्डर रिफंडेड करून टाकल्यावर महिनाभराने वॉनचा वेबहुक येतो, तेव्हा ती ऑर्डर तुम्ही कुठल्या स्टेटसला परत नेता? आधीचं तर जपलेलंच नसतं. कोड टाका इथे, मी वाचतो.